सर्पगंधेची मुळी

कोकणातल्या आणि सह्याद्रीच्या उतारावरच्या ओलसर, सावलीच्या रानांत एक बुटके झुडूप उगवते. पेऱ्यापेऱ्याला तीन-तीन, चार-चार पानांचे वलय धरणारे, तांबूस देठांवर पांढऱ्या फुलांचे झुबके मिरवणारे आणि फळे पिकली म्हणजे जांभळट काळ्या रंगाने नजरेत भरणारे. रानातली माणसे त्याला अडकई म्हणतात, वैद्य सर्पगंधा म्हणतात. पण त्याची खरी दौलत जमिनीखाली, त्याच्या फिकट तपकिरी सालीच्या अतिशय कडू मुळीत दडलेली असते. या मुळीचा गुण आपल्या देशात शेकडो वर्षे ठाऊक असूनही तो जगाच्या वैद्यकात मान्य व्हायला विसाव्या शतकाचा मध्य का उजाडावा लागला, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण त्याच्या उत्तरात ज्ञान कसे टिकते आणि कसे सिद्ध होते, या दोन्ही गोष्टी एकत्र आलेल्या आहेत.

प्राचीन संहितांच्या विषचिकित्सेत सर्पगंधा हे नाव येते. ती हीच वनस्पती की दुसरी, याविषयी वैद्यांत मतभेद आहेत. गोव्यात मात्र एक भक्कम दस्तऐवज सापडतो. 1534 साली हिंदुस्थानात आलेला आणि पुढे पोर्तुगीज अंमलाकडून मुंबई बेट इजाऱ्याने मिळवलेला वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563 साली गोव्याच्या छापखान्यात आपला औषधींवरचा संवादग्रंथ छापवला, आणि त्यात सर्पविषावर चालणाऱ्या काष्ठौषधींचे एक स्वतंत्र प्रकरण घातले. सिंहलद्वीपात मुंगूस सापाशी झुंजण्याच्या वेळी अशी मुळी चावते, अशी तिथली समजूत त्याने नोंदवली आहे. तो सांगतो त्या काष्ठांपैकी एक सर्पगंधा असावे, असे पुढच्या अभ्यासकांनी मानले. ओर्ताने देशी वैद्यांना विचारून, आणि युरोपातल्या ग्रंथांचे प्रामाण्य बाजूला सारून, डोळ्यांनी पाहिलेले लिहिले, याबद्दल आपण त्याचे ऋणी राहिले पाहिजे. आणि त्याच्या मृत्यूनंतर इन्क्विझिशनच्या हुकुमाने 1580 साली त्याची हाडे उकरून जाळण्यात आली, ही गोष्ट वाचताना आजही मन विषण्ण होते.

वनस्पतीचे शास्त्रीय नाव पडले ते ऑग्सबर्गच्या लिओनहार्ट राउव्होल्फ या सोळाव्या शतकातल्या वैद्यावरून. त्याने सीरिया, इराकपर्यंत प्रवास केला होता. पण हिंदुस्थानचे तोंडही त्याने पाहिले नव्हते. नावाचा मान असा दूरदेशीच्या माणसाला गेला, आणि मुळीचा खरा उपयोग इकडे बिहारात, निनावी लोकांच्या हाती चालू राहिला. तिकडे ती बाजारात ‘पागल की दवा’ म्हणून विकली जात असे. उन्माद झालेल्या माणसाला शांत करण्यासाठी ती देत, आणि रडणाऱ्या मुलाला झोप यावी म्हणूनही आया तिचा कण चाटवीत. सर्पविषावरचा तिचा लौकिक पुढे टिकला नाही, उन्मादावरचा टिकला. म्हणजे ग्रंथांपेक्षा बाजाराची स्मृती या बाबतीत अधिक खरी ठरली.

1931 हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. हकीम अजमल खान यांनी दिल्लीत उभारलेल्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बी महाविद्यालयात सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि राफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळीतून पाच स्फटिकरूप अल्कलॉइडे वेगळी काढली, आणि त्यांतल्या एकाला, चार वर्षांपूर्वी निवर्तलेल्या हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ, अजमलीन हे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोन्ही विकारांवर या मुळीचा उपयोग होतो, असे प्रसिद्ध केले. रसायन आणि रुग्णानुभव असे एकाच वेळी समोर आले असता पुढची वाट सरळ असायला हवी होती. पण तसे झाले नाही, आणि तिथेच या कथेतला सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. सिद्दीकींनी मिळवलेले सुंदर, शुद्ध स्फटिक रुग्णाला शांत करीत नव्हते. मुळी निद्रा आणीत होती, पण तिच्यातून काढलेली द्रव्ये आणीत नव्हती. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीच्या दशकात दाखवून दिले, की गुंगी आणणारा गुण रसायनज्ञांनी मागे ठेवलेल्या राळेसारख्या चिकट अंशात आहे. स्फटिकाचा मोह रसायनज्ञाला स्वाभाविक असतो. चोप्रांच्या मंडळींनी गुणाचा माग सोडला नाही, म्हणून राळ टाकून देण्याजोगी नाही हे त्यांना कळले.

दरम्यान मुंबईत केईएम रुग्णालयाशी संबद्ध असलेले हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर या मुळीच्या गोळ्यांचा प्रयोग पद्धतशीर चालवला. रक्तदाब वारंवार मोजायचा, नोंदवायचा, आणि रुग्णाला बरे वाटते एवढ्यावर विसंबायचे नाही, हा त्यांचा परिपाठ. पन्नास रुग्णांचा त्यांचा निबंध 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला, आणि तेव्हा प्रथम पाश्चात्त्य वैद्यकाने मान वर करून पाहिले. तोपर्यंत आपल्याकडचे कितीतरी डॉक्टर ही गोळी रोज लिहून देत होते. मुळीत नवीन काही आले नव्हते, आकडे मात्र नवीन होते. मुंबईच्या वैद्यकीय इतिहासात वकिलांना आपण जे स्थान देतो ते मला फारच अपुरे वाटते. बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी त्यांचा निबंध वाचून तिकडे प्रयोग सुरू केले. बाझलच्या सिबा कंपनीत म्यूलर, श्लिटलर आणि बाइन यांनी त्या राळेच्या अंशातूनच 1952 साली रेझर्पिन वेगळे काढले. 1954 साली नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या मनोरुग्णालयातून त्याचा उन्मादावरचा परिणाम कळवला, म्हणजे बिहारच्या बाजारातल्या नावाला एका प्रयोगाचे प्रमाणपत्र मिळाले. 1956 साली हार्वर्डचे रॉबर्ट वुडवर्ड यांनी रेझर्पिन प्रयोगशाळेत घडवले, आणि 1957 साली वकील व क्लाइन यांना अमेरिकेतले लास्कर पारितोषिक मिळाले.

त्याच सुमारास स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रेझर्पिन देऊन पाहिले. हे द्रव्य मेंदूतील मज्जापेशींतल्या संदेशवाहक रसायनांचा साठा रिकामा करते, हे एव्हाना कळू लागले होते; ससे मलूल, निश्चल होत. मग कार्लसननी त्यांना एल-डोपा दिले आणि ससे पुन्हा हिंडूफिरू लागले. कंपवाताच्या आजच्या उपचाराचे एक मूळ या प्रयोगात आहे, आणि मेंदूच्या विकारांकडे रसायनाच्या दृष्टीने पाहण्याची सवय मुख्यतः याच काळात रुळली. रेझर्पिन स्वतः मात्र मागे पडले. काही रुग्णांना त्याने खोल विषण्णता येई, नाक चोंदे, आणि अधिक सोयीची औषधे हाती आल्यावर डॉक्टरांनी ते जवळपास सोडले. अजमलीन मात्र हृदयाच्या अनियमित स्पंदनांच्या काही तपासण्यांत अजून वापरतात; पहिल्या स्फटिकांचा श्रम अशा रीतीने वेगळ्या कामी आला.

या सगळ्या यशाची किंमत रानाने दिली, आणि तिचा हिशेब फार थोड्यांनी ठेवला. मुळी हवी तर झाड उपटावे लागते. झाड पुरते वाढायला दोन-तीन वर्षे लागतात, आणि बियांतून उगवण तर अगदीच बेताची. पन्नाशीच्या दशकात परदेशी मागणी उसळली तेव्हा कंत्राटदारांच्या माणसांनी डोंगरच्या डोंगर खणून काढले. सरकारला मुळीच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले, आणि कारखानदार आफ्रिकेतल्या याच कुळातल्या, अधिक रेझर्पिन देणाऱ्या दुसऱ्या जातीकडे वळले. 1990 साली सर्पगंधा आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या वनस्पतींच्या यादीत गेली. तिची लागवड आता काही ठिकाणी होते, पण औषधी बाजारातल्या मागणीच्या मानाने ती थोडी आहे, आणि म्हणून रानातून चोरून खणलेली मुळी अजूनही पोत्यांतून उतरते.