युद्ध संपले, कायदा उरला

१० जून १९१८. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांची युद्ध परिषद भरली होती. पहिल्या महायुद्धासाठी सरकारला सैनिक हवे होते, पैसा हवा होता. लोकमान्य टिळकांनी मदतीसोबत स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नरांनी त्यांना मध्येच थांबवले. टिळक सभागृहाबाहेर पडले.

बोलणाऱ्याला अडवण्याची सोय सरकारने आधीच करून ठेवली होती. मार्च १९१५ मध्ये भारत संरक्षण कायदा आला. त्याने विशेष न्यायाधिकरणे नेमली. त्यांच्या निकालावर अपील नव्हते. संशयितांना खटल्याविना अडकवून ठेवता येऊ लागले. क्रांतिकारकांसाठी म्हणून आणलेल्या या अधिकारांचा वापर जून १९१७ मध्ये होमरूल चळवळीच्या ॲनी बेझंट यांच्यावर झाला. पण डाव उलटला. देशभर निषेध झाला, सप्टेंबरात त्यांची सुटका झाली आणि डिसेंबरात त्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या.

कायद्याची मुदत युद्ध आणि त्यानंतरचे सहा महिने एवढीच होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये तोफा थंडावल्या. मार्च १९१९ मध्ये रौलट कायद्याने तेच अधिकार शांततेच्या काळातही चालू ठेवले. निषेध म्हणून जिनांनी कायदेमंडळाचा राजीनामा दिला. ६ एप्रिलला मुंबईत हरताळ पडला. १३ एप्रिलला जालियनवाला बाग हत्याकांड घडले.

रौलट कायदा १९२२ मध्ये रद्द झाला, पण नमुना टिकला. १९३९ मध्ये पुन्हा भारत संरक्षण कायदा आला. स्वतंत्र भारतातही चीन युद्धाच्या वेळी, ऑक्टोबर १९६२ मध्ये, आणीबाणी लागू झाली. लढाई महिनाभरात थांबली. आणीबाणी उठली जानेवारी १९६८ मध्ये.