लष्करी रिकव्हरी ट्रक: विकत घेणं सोपं, ओढणं अवघड

चिखलात अर्धा गाडलेला ट्रक, समोर हिरव्या रंगाचं अवाढव्य धूड, मधली तार ताणली जाते आणि रुतलेला ट्रक अलगद बाहेर येतो. असं रील तुम्हीही बघितलं असणार. खाली एक कमेंट ठरलेली असते: "हा विकत मिळतो का?"

मिळतो. अमेरिकेत तरी मिळतो. ओहायोत माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे असा ट्रक आहे आणि गेली दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी मी त्याचा बिनपगारी हेल्पर आहे. पोटापाण्यासाठी मी कोड लिहितो, त्यामुळे ग्रीसने माखलेले हात ही माझ्यासाठी नवीनच गोष्ट. हा ट्रक नेमका असतो काय, ओढतो कसा आणि बाळगायला काय लागतं, ते बघूया.

हा ट्रक म्हणजे काय?

हायवेवर बंद पडलेली गाडी उचलून नेणारी क्रेन आपण नेहमी बघतो. लष्करी रिकव्हरी ट्रकला तेच काम जिथे रस्ताच नाही तिथे करायचं असतं. म्हणून त्यात तीन गोष्टी एकत्र असतात: सगळ्या चाकांना इंजिनाची ताकद, तार गुंडाळणारं विंच आणि क्रेन.

माझ्या सहकाऱ्याकडचा ट्रक एम९३६. अमेरिकन सैन्याने १९८० च्या दशकात वापरात आणलेल्या पाच टनी एम९३९ मालिकेतला हा रिकव्हरीवाला भाऊ. तीन ॲक्सल आणि तिन्हींना ताकद. कमिन्सचं सहा सिलिंडरचं १४ लिटर डिझेल इंजिन, २४० हॉर्सपॉवर, टर्बो नाही. गिअरबॉक्स ॲलिसनचा पाच गिअरचा ऑटोमॅटिक. ट्रक रिकामा असतानाच १६ टनांच्या वर भरतो. पुढच्या विंचची क्षमता २०,००० पौंड, म्हणजे साधारण ९ टन, आणि मागच्याची ४५,००० पौंड, म्हणजे २० टनांपेक्षा थोडी जास्त. क्रेनही २०,००० पौंडांची, पण तो आकडा बूम आत ओढलेला असताना आणि खाली टेकू लावल्यावरचा. बूम जितका बाहेर काढाल तितकी क्षमता उतरते.

आता २४० हॉर्सपॉवर वाचून तुम्ही म्हणाल, एवढीच? एवढीच. खरी गंमत पुढे आहे.

ताकद इंजिनात नाही, कप्पीत आहे

रुतलेली गाडी काढायला किती ओढ लागेल? अमेरिकन सैन्याच्या रिकव्हरीच्या पुस्तकात सोपा अंदाज दिलेला आहे. गाडी चाकापर्यंत रुतली असेल तर मालासकट तिच्या वजनाइतकी ओढ धरायची. मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट. कॅबपर्यंत गेली तर तिप्पट. चिखल नुसता अडवत नाही, तो खालून धरूनही ठेवतो.

समजा, १० टनांचा भरलेला ट्रक मडगार्डपर्यंत गाडला गेलाय. म्हणजे ओढ हवी २० टन. आपलं मागचं विंच २० टनांचं. झालं की काम!

नाही झालं. दोन अडचणी आहेत.

पहिली, विंचवर लिहिलेला आकडा ड्रमवर तारेचा फक्त पहिला थर असतानाचा असतो. पतंगाची फिरकी आठवा. मांजा जसजसा जास्त गुंडाळला जातो तसतशी ती जाड होते. विंचचंही तसंच. मोटरचा पीळ तेवढाच, पण त्रिज्या वाढली की ओढ कमी होते. त्यामुळे ड्रम भरलेला असताना २० टन मिळतच नाहीत. कामाच्या वेळी शक्य तितकी तार बाहेर काढून ठेवतात ती याचसाठी.

दुसरी अडचण जास्त मजेशीर आहे. आपला ट्रक स्वतःच १६-१७ टनांचा आणि तोही त्याच ओल्या जमिनीवर उभा. तो २० टन ओढायला गेला तर समोरचा ट्रक जागेवर राहील आणि आपणच घसरत त्याच्याकडे जाऊ.

इथे कप्पी लागते. आपल्याकडे विहिरीवरचा रहाट सगळ्यांनी बघितलेला असतो. तो एका जागी बसवलेला असल्यामुळे फक्त ओढायची दिशा बदलतो, वजन कमी करत नाही. पण कप्पी हलणाऱ्या वस्तूलाच बांधली तर गणित बदलतं. रुतलेल्या ट्रकला स्नॅच ब्लॉक, म्हणजे बाजूने उघडणारी मजबूत कप्पी, लावायची. तार त्यातून फिरवून परत आणायची आणि तिचं टोक आपल्या ट्रकला न बांधता बाजूच्या भक्कम झाडाला बांधायचं. आता २० टन ओढ दोन तारांत वाटली जाते. घर्षणासाठी लष्करी हिशेबात दर कप्पीमागे १० टक्के धरतात, म्हणजे २२ टन, भागिले दोन, ११ टन. एवढंच आपल्या विंचवर आणि आपल्या ट्रकवर येतं. उरलेलं झाड सोसतं. मोबदल्यात तार दुप्पट लागते आणि वेग निम्मा होतो.

हेच टोक आपल्या ट्रकला बांधलं असतं तर विंचवर ११ टनच आले असते, पण ट्रकवर पुन्हा २२ आले असते. नवशिक्यांची हमखास चूक. माझीही हीच झाली होती, नशिबाने कागदावर.

रीलमध्ये न दिसणारी जागा

मागच्या वर्षी एका ओळखीच्या शेतकऱ्याचा मक्याने भरलेला ट्रक असाच काढत होतो. वर सांगितली तशीच रचना. तारेचा व्ही आकार झाला होता आणि त्या व्हीच्या आत उभं राहिलं की दोन्ही ट्रक एका फ्रेममध्ये मस्त बसत होते. मी फोन काढून तिथेच उभा. सहकाऱ्याने आरडाओरडा केला नाही. विंच थांबवलं, तार सैल सोडली, माझ्याकडे बघितलं आणि मला हाताने बाजूला व्हायची खूण केली.

नंतर त्याने समजावलं. ताणलेल्या तारेत स्प्रिंगसारखी ऊर्जा साठलेली असते. कप्पी बांधलेला पट्टा तुटला तर ती कप्पी व्हीच्या आतल्या दिशेला येते, गोफणीतून दगड सुटावा तशी. म्हणजे सगळ्यात भारी अँगल तीच सगळ्यात वाईट जागा. नियम असा: ताणलेली तार जितकी लांब, किमान तितकं लांब उभं राहायचं, तार ओलांडायची नाही आणि कोनाच्या आत कधीच जायचं नाही. इशारे एकानेच द्यायचे. आमच्याकडे ते काम आता माझं आहे, फोन खिशात ठेवून.

जुन्या ट्रकांच्या पुढच्या विंचमध्ये मऊ धातूची एक पिन असते. भार जास्त झाला की ती तुटते आणि तार वाचते. सारखी तुटते म्हणून काही जण तिथे स्टीलचा बोल्ट ठोकतात. फ्यूजच्या जागी तार घालण्यातलाच प्रकार. वापरलेला ट्रक घेताना ही पिन आधी तपासा.

घरी आणल्यावर

अमेरिकन सैन्य जुनी वाहनं लिलावात काढतं. बघायची गोष्ट म्हणजे एसएफ-९७ हा कागद. तो मिळाला तर रस्त्यासाठी नोंदणीचा मार्ग उघडतो, पण काही वाहनं फक्त रस्त्याबाहेर वापरायच्या अटीवर विकतात. धंद्यासाठी २६,००० पौंडांवरचं वाहन चालवायला व्यावसायिक लायसन्स लागतं, खासगी वापराचे नियम राज्यागणिक बदलतात.

ट्रकला चावी नाही, नुसता स्विच. त्यामुळे सहकारी स्टिअरिंगला साखळी-कुलूप लावतो. वायरिंग २४ व्होल्टचं, म्हणून कारचा साधा १२ व्होल्टचा चार्जर थेट जोडायचा नाही. टायर दहा. डिझेल लिटरला जेमतेम दीड-दोन किलोमीटर. ब्रेक हवेचे, त्यामुळे टाकीत दाब भरेपर्यंत ट्रक हलवायचा नाही. या मालिकेतले ट्रक ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर घसरून अपघात झाले होते, म्हणून सैन्याने नंतर एबीएस बसवून घेतलं. लिलावातल्या ट्रकला ते आहे का, हे खाली वाकून बघावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र तारेत जातो. हातमोजे घालून ती पूर्ण उलगडायची, तुटलेले धागे, गाठी, गंज शोधायचा, तेल द्यायचं आणि थोडा ताण ठेवून नीट शेजारी-शेजारी गुंडाळायची. सैल गुंडाळली तर भार आल्यावर वरचा थर खालच्यात घुसतो आणि तार चेपते. यात आमचा अख्खा शनिवार जातो.

या मालिकेचं सैन्याचं मॅन्युअल टीएम ९-२३२०-२७२ इंटरनेटवर मोफत मिळतं. माझ्या फोनवर त्याची पीडीएफ आहे. विंचचा भाग वाचून झाल्याशिवाय सहकाऱ्याने मला लीव्हरला हात लावू दिला नव्हता.