दगडातले निर्दोष आकाश

जयपुरास बदलून आलेल्या मराठी अधिकाऱ्याकडे पाहुणे उतरले, की त्यांना जंतरमंतर दाखविण्याचे काम ओघानेच येते. आम्हीही ते अनेकदा केले. परंतु भव्यतेने थक्क होण्यापलीकडे दृष्टी जावयास बराच काळ लागला.

सवाई जयसिंहाने 1727 मध्ये हे नगर वसविले. नऊ चौकोनांचा आराखडा मनात होता. वायव्येस डोंगर आडवा आला, म्हणून एक चौकोन आग्नेयेस न्यावा लागला, असे अभ्यासक मानतात. नगर डोंगरापुढे नमले. यंत्रांबाबत मात्र राजा नमावयास तयार नव्हता. पितळी यंत्रे लहान, त्यांचे आस झिजतात, मध्यबिंदू ढळतो, अशी तक्रार ‘झीज-ए-मुहम्मदशाही’च्या प्रस्तावनेत आहे. जेथे काही झिजत नाही, काही हलत नाही, असे जग त्याने कल्पिले व चुन्यादगडात उतरविले.

जयप्रकाश यंत्र म्हणजे जमिनीत उताणी बसविलेली आकाशाची वाटीच. विषुववृत्त, क्रांतिवृत्त ही वर्तुळे नभात कोणी पाहिली आहेत? येथे ती संगमरवरावर कोरलेली आहेत, आणि तारांच्या छेदावरील कडीची सावली त्यांवर सूर्याचे स्थान दाखविते. वाट्या दोन, एकीत जो भाग पोकळ, तोच दुसरीत भरीव, म्हणजे निरीक्षकास पोकळीत उतरून वाचन घेता येते.

या कल्पनेमागे ज्यांची विद्या होती, त्यांत जगन्नाथ सम्राट हे प्रमुख. परंपरा त्यांना महाराष्ट्रीय म्हणते. टॉलेमी व युक्लिड यांचे ग्रंथ त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणले. परमुलखात चाकरी करणाऱ्या आम्हां लोकांस या पूर्वजाचा अभिमान वाटावा, हे साहजिकच.

तथापि सम्राट यंत्रापाशी आम्ही थबकतो. उंची सुमारे 27 मीटर. सावली सेकंदास एक मिलिमीटर सरकते. खुणा दोन सेकंदांपर्यंतच्या. आकार वाढविला की अचूकता वाढेल, हा हिशेब सूर्य बिंदुमात्र असता तर बिनचूक ठरता. पण सूर्यबिंब अर्ध्या अंशाचे आहे! यंत्र जितके मोठे, तितकीच सावलीची कडही विरळ व रुंद होते. तिचा मध्य शोधावयास बारीक दोरा धरावा लागतो.

मागे एका पाहुण्यास आम्ही म्हटले, कड कोठे आहे ते बोटाने दाखवा. त्यांनी दाखविली, आम्हीही दाखविली. दोन बोटांमध्ये चांगले चार अंगुळे अंतर होते.