ब्युनोस आयर्स: दक्षिणेकडून उत्तरेकडे

मराठीत प्रवासवर्णनांना तोटा नाही. लंडन-पॅरिसचे रस्ते तर आपल्यातल्या अनेकांना न पाहताच पाठ झालेले असतात. दक्षिण अमेरिका मात्र आपल्या घरी येते ती बहुधा चार वर्षांतून एकदा, विश्वचषकाच्या रात्री जागवत, आणि अंतिम सामना आटोपला की निघून जाते. तेव्हा अर्जेंटिनाच्या राजधानीविषयी एक अख्खे पुस्तक आपण का वाचावे, असे वाचकांना वाटले तर त्यात गैर काही नाही. त्यावर युक्तिवाद करण्याआधी एक खाण्याचा पदार्थ पुढे ठेवतो.

कोर्रिएन्तेस नावाच्या हमरस्त्यावर जुनी पिझ्झाघरे आहेत. घाईतली गिऱ्हाइके तिथे उभ्यानेच खातात. चीजने ओथंबलेल्या पिझ्झाच्या तुकड्यावर पिवळसर, कडेला खरपूस झालेल्या पोळीचा एक त्रिकोण ठेवून मिळतो. घास तोंडात जाताच मराठी जीभ ओळखते: हे तर बेसन! हरभऱ्याचे पीठ पाण्यात आणि तेलात कालवून भट्टीत भाजलेला हा ‘फाइना’ इटलीतल्या जेनोवाच्या लोकांनी इथे आणला. पिझ्झावर बेसनाची पोळी ठेवायचे कोणाला सुचले, हे विचारत गेलात तर पावले आपोआप बंदराकडे वळतात, आणि या शहराची ओळख बंदरावरच करून घ्यावी असे मला वाटते.

इथले लोक स्वतःला ‘पोर्तेन्यो’ म्हणवतात. आपल्याकडे आडनाव पाडायचे झाले असते तर आपण ‘बंदरकर’ म्हटले असते. स्पॅनिशांनी 1536 मध्ये वसवलेली पहिली वसाहत काही वर्षांतच उजाड झाली. 1580 मध्ये हुआन दे गाराय याने शहर पुन्हा वसवले. पण आज दिसते ते शहर घडवले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बोटी भरभरून आलेल्या इटालियन आणि स्पॅनिश माणसांनी. 1914 च्या जनगणनेत शहरातला जवळजवळ दर दुसरा रहिवासी परदेशात जन्मलेला होता. धक्क्यालगतचे ‘होतेल दे इन्मिग्रान्तेस’ 1911 मध्ये सुरू झाले. नावात हॉटेल असले तरी ही सरकारी धर्मशाळाच. नव्याने उतरलेल्यांना पाच दिवस फुकट निवारा आणि जेवण मिळे. आता तिथे संग्रहालय आहे. सहसा प्रवासी तिकडे फिरकत नाहीत. तुम्ही मात्र पहिली सकाळ तिथेच घालवा.

बहुतेक मार्गदर्शिका वाचकाला उत्तरेकडच्या देखण्या वस्त्यांत, रेकोलेता आणि पालेर्मोत, आधी नेतात. या पुस्तकाने क्रम उलटा ठेवला आहे आणि त्याला कारण 1871 ची साथ. त्या वर्षी पीतज्वराने शहरात सुमारे 14 हजार माणसे दगावली. तोवर श्रीमंतांचे वाडे दक्षिणेला, सान तेल्मोच्या बाजूला होते. साथीनंतर त्यांनी बिऱ्हाड उत्तरेला हलवले आणि रिकाम्या वाड्यांच्या खोल्या नव्याने आलेल्यांना भाड्याने दिल्या जाऊ लागल्या. अशा घरांना ‘कोन्वेन्तियो’ म्हणत. मधे चौक, भोवती खोल्या, एकेका खोलीत एकेक कुटुंब, नळ आणि संडास सामाईक. मराठी वाचकाला यासाठी वेगळा शब्द शिकायला नको; चाळच ती. 1907 मध्ये भाडेवाढीविरुद्ध या चाळकऱ्यांनी संप केला, तेव्हा बायाबापड्या आणि पोरे झाडू घेऊन रस्त्यावर उतरली. घरमालकांना शहराबाहेर झाडून काढायचे, असा त्याचा उघड अर्थ होता.

हे मनात ठेवून रविवारी सान तेल्मोला जा. प्लासा दोर्रेगोच्या चौकात आणि भोवतालच्या रस्त्यांवर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. विकत काही घ्या किंवा घेऊ नका, पण उघड्या दिसलेल्या दारातून आतल्या चौकाकडे एक नजर टाका. मग ला बोकाला जा. पत्र्याच्या घरांना निळे, पिवळे, तांबडे रंग फासलेली कामिनीतो ही गल्ली आता पर्यटकांसाठीच नटलेली असते, हे मान्य. ती आजच्या रूपात आली ती मुख्यतः किन्केला मार्तिन या चित्रकारामुळे. हा अनाथालयात वाढलेला, बंदरावर हमाली केलेला माणूस. नाव झाल्यावर त्याने आपल्या वस्तीला शाळा आणि संग्रहालय मिळवून दिले. ते संग्रहालय गल्लीला लागूनच आहे आणि बोजे वाहणाऱ्या माणसांची त्याची चित्रे गल्लीपेक्षा कितीतरी खरी आहेत. पर्यटकांची वर्दळ संपते त्यापलीकडच्या बोळांत, विशेषतः अंधार पडल्यावर, भटकू नये.

चालण्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण हे शहर पायी फिरावे असेच आहे. रस्ते पाटावरच्या सोंगट्यांच्या घरांसारखे आखलेले आणि प्रत्येक चौकाला घरक्रमांकांचे एक शतक. रिवादाविया हा मधला रस्ता एकदा ओळखून घ्या. त्याला छेदणाऱ्या रस्त्यांची नावे तिथे बदलतात आणि क्रमांक दोन्ही दिशांना नव्याने सुरू होतात. उत्तरेला जो फ्लोरिदा, तोच दक्षिणेला पेरू. फ्लोरिदा 500 म्हणजे रिवादावियापासून पाच चौक उत्तरेला. नकाशा उघडायचीही गरज नाही. पाय दुखले तर खाली भुयारी रेल्वे आहे. तिची पहिली मार्गिका 1913 मध्ये धावू लागली, लॅटिन अमेरिकेतली पहिलीच.

या मार्गिकेच्या एका टोकाला प्लासा दे मायो हा चौक आहे. राष्ट्राध्यक्षांची गुलाबी कचेरी इथलीच. शक्य असेल तर तुमचा गुरुवार या चौकासाठी राखून ठेवा. 1976 ते 1983 या लष्करी राजवटीत हजारो माणसे नाहीशी केली गेली. एप्रिल 1977 मध्ये काही आया आपल्या मुलांचा ठावठिकाणा विचारत इथे जमल्या. जमावबंदी होती, पोलिसांनी थांबू नका, चालत राहा असे दरडावले, म्हणून त्या चौकातल्या स्तंभाभोवती चालू लागल्या. ओळख पटावी म्हणून डोक्याला पांढरे कापड बांधले, आणि ती कापडे सुरुवातीला बाळांची लंगोटी होती. तेच रुमाल आज फरशीवर रंगवलेले दिसतात. गुरुवारी दुपारी साडेतीनला ही फेरी निघते. पाहताना छायाचित्रांची घाई करू नये.

उत्तरेकडचे वैभव स्वतःची ओळख स्वतः करून देते, म्हणून इथे त्यावर फार शब्द खर्च करत नाही. 1908 चे कोलोन नाट्यगृह, रेकोलेताच्या दफनभूमीतली एविता पेरोनची कबर, जुन्या नाट्यगृहात थाटलेले ‘एल आतेनेओ’ हे पुस्तकांचे दुकान, जिथे रंगमंचावर आता लोक कॉफी पीत बसतात: हे तुम्ही पाहालच. त्यापलीकडे मात्र रेतीरो स्थानकावरून गाडी पकडून सान इसिद्रोला जरूर जावे. 1924 च्या नोव्हेंबरात पेरूला निघालेले रवींद्रनाथ वाटेत आजारी पडले, आणि लेखिका विक्तोरिया ओकाम्पो यांनी त्यांची इथे नदीकाठच्या एका बंगल्यात सोय केली. मुक्काम दोनएक महिने लांबला. ‘पूरबी’ हा संग्रह त्यांनी ‘विजये’ला अर्पण केला, विक्तोरियाचे त्यांनी केलेले हे नाव. ओकाम्पो यांचे स्वतःचे घर आज युनेस्कोकडे आहे आणि पाहता येते.

शाकाहारी वाचकांनी इथल्या मांसाच्या भट्ट्यांच्या वर्णनांनी धास्तावू नये. फाइना आहेच, शिवाय एम्पानादा आहे, म्हणजे तिखट सारणाची करंजी. तिच्या मुरडीकडे नीट पाहा. पुष्कळ दुकानांत आतले सारण ओळखू यावे म्हणून प्रत्येक प्रकाराची मुरड वेगळी घालतात. मक्याची कोणती, ते आधी विचारून घ्यावे.

एक रात्र टँगोसाठी ठेवावी. जेवणासह तिकीट लावून होणारे झगमगीत खेळ पुष्कळ आहेत, पण शक्यतो ‘मिलोंगा’ला, म्हणजे स्थानिक लोक आपल्यासाठी नाचतात तिथे जा. नाचता येत नसेल तर कडेच्या टेबलावर बसा. कोणी कोणाला हात धरून उठवत नाही. दालनाच्या या टोकाकडून नजर, त्या टोकाकडून मानेचा किंचित होकार, एवढ्यावर जोडी ठरते. तीन-चार गाण्यांचा एक गट संपला की भलतेच संगीत वाजते आणि सारे जागेवर परततात. धीर करून तुम्ही उठलातच, तर एवढे ध्यानात ठेवा: पहिले गाणे संपल्यावर सौजन्य म्हणून ‘ग्रासियास’ म्हणू नका. तिथे आभार मानणे म्हणजे आता पुरे, असे सांगणे.