अर्ध सत्य : मुंबईचा ‘काळा’ चित्रपट

गोविंद निहलानी दिग्दर्शित ‘अर्ध सत्य’ (१९८३) हा मुंबई पोलीस दलातील एका उपनिरीक्षकाच्या जीवनावरील हिंदी चित्रपट. त्याची मुळे मात्र मराठी साहित्यात आहेत. श्री. दा. पानवलकर यांची ‘सूर्य’ ही कथा त्याचा आधार असून पटकथा विजय तेंडुलकर यांची, तर संवाद वसंत देव यांचे आहेत. चित्रपटाचे नाव दिलीप चित्रे यांच्या चक्रव्यूहावरील कवितेतून आले. ही कविता चित्रपटात नायक वाचून दाखवतो.

१९४० च्या दशकात अमेरिकेत बेताच्या खर्चाचे, अंधाऱ्या गल्ल्यांचे आणि विकल्या गेलेल्या अधिकाऱ्यांचे गुन्हेगारीपट मोठ्या संख्येने निघू लागले. १९४६ मध्ये फ्रेंच समीक्षकांनी त्यांना ‘फिल्म न्वार’, म्हणजे ‘काळा चित्रपट’ म्हटले. त्यांपैकी ऑटो प्रेमिंजरच्या ‘व्हेअर द साइडवॉक एंड्स’ (१९५०) याच्याशी ‘अर्ध सत्य’चे साम्य लक्षणीय आहे. तिथेही वडिलांच्या सावलीतून न सुटलेला पोलीस आहे, त्याच्या हातून मेलेला संशयित आहे आणि अखेरीस कबुलीही आहे.

अनंत वेलणकर (ओम पुरी) याला पुढे शिकायचे होते. पोलीस खात्यातच नोकरी केलेल्या त्याच्या वडिलांनी (अमरीश पुरी) त्याला बळाने खाकी वर्दीत घातले. हे वडील आईला मारहाण करीत आणि लहानगा अनंत ते मुकाट्याने पाहत असे. पुढे तो प्राध्यापिका ज्योत्स्ना गोखले (स्मिता पाटील) हिच्या सहवासात येतो. झोपडवस्तीतील एका स्त्रीची छेड काढणाऱ्या गुंडांना तो कोठडीत चोपतो, तेव्हा आमदाराचा रोष ओढवतो आणि निलंबनाचे संकट उभे राहते. ते टळते दिल्लीतील एका मध्यस्थामुळे. प्रामाणिक माणसाची नोकरी वशिल्याने वाचते, हा पहिला तडा. रामा शेट्टी (सदाशिव अमरापूरकर) हा गुंड राजकारणात पाय रोवत असतो, तर निलंबित, व्यसनाधीन माईक लोबो (नसीरुद्दीन शाह) रस्त्यावर मरतो. त्याच्यात अनंतला आपले भविष्य दिसते.

कोठडीत अनंतच्या मारहाणीने एका भुरट्या चोराचा मृत्यू होतो, हा चित्रपटाचा खरा कळस. छेडछाड करणाऱ्यांना बसलेले फटके प्रेक्षकाला सुखावतात. तोच हात चोरावर पडतो तेव्हा त्या सुखाचा हिशेब द्यावा लागतो. ‘जंजीर’ (१९७३) मधील इन्स्पेक्टरचा राग न्याय्य ठरतो. वेलणकरचा राग दुर्बलावर कोसळतो आणि त्याच्या वडिलांच्या हाताची आठवण करून देतो. शहराच्या कोतवालाला उसनी सत्ता मिळाली की काय होते, हे तेंडुलकरांनी ‘घाशीराम कोतवाल’मध्ये आधीच दाखवले होते. येथे ते सत्ता न मिळालेल्याचे चित्र रेखाटतात. अखेर मदतीसाठी अनंतला शेट्टीच्याच दारी जावे लागते. शेट्टी त्याला आपला माणूस होण्याची अट घालतो. अनंत त्याचा गळा दाबतो आणि पोलिसांच्या स्वाधीन होतो. अमेरिकी काळ्या चित्रपटांचा शेवट अनेकदा कायद्याच्या बाजूने मिटतो. इथे तसा आधार नाही.

मनमोहन शेट्टी आणि प्रदीप उप्पूर हे निर्माते. शेट्टी हे ‘ॲडलॅब्ज’ या फिल्म प्रक्रिया प्रयोगशाळेच्या संस्थापकांपैकी एक. दिंडोशीलगतच्या गोरेगाव चित्रनगरीशी या प्रयोगशाळेचे नाव पुढे जोडले गेले. छायाचित्रण स्वतः निहलानींचे, संकलन रेणू सलुजा यांचे, संगीत अजित वर्मन यांचे. मोठे तारे, भव्य नेपथ्य, नाचगाणी यांना फाटा दिल्याने खर्च मर्यादित राहिला, तरी चित्रपट चालला. नगरच्या मराठी रंगभूमीवरून आलेल्या अमरापूरकरांचा आवाज न चढवणारा खलनायक हिंदी पडद्याला नवा होता.

ओम पुरी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार आणि १९८४ च्या कार्लोव्ही व्हारी महोत्सवात अभिनयाचे पारितोषिक मिळाले. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. फिल्मफेअरच्या पाच पुरस्कारांत कथेसाठी पानवलकर, पटकथेसाठी तेंडुलकर आणि सहायक अभिनेता म्हणून अमरापूरकर यांचा समावेश होता.