नीरेचा कालवा आणि वापसा

अमरकोशांत पाण्याला ‘जीवन’ असें एक नांव दिलेलें आहे, आणि अवर्षणाची संवय झालेल्या आमच्या देशावरील माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. पाऊस नाहीं तेथें पाट न्यावा म्हणजे जमीन जिवंत होईल, हा विचार इतका स्वाभाविक आहे कीं, त्याला दुसरी बाजू असूं शकेल हें सहसा मनांत येत नाहीं. ती दुसरी बाजू महाराष्ट्रानें नीरेच्या खोऱ्यांत पाहिली. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत मात्र तिचा पत्ता नाहीं. तेथें धरणें बांधणाऱ्यांचीं व त्यांचें उद्घाटन करणाऱ्या गव्हर्नरांचीं नांवें सांपडतात; पाणी आल्यावर मातीचें पुढें काय झालें, हें विचारण्याची आम्हां इतिहासाच्या अध्यापकांना संवय नाहीं.

बारामती-इंदापूरचा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत पडतो. वर्षाचा पाऊस २० इंचांच्या आसपास, आणि तोही लहरी. नदीकांठची जमीन खोल, काळी व चिकण. ही माती भिजली म्हणजे फुगते आणि वाळली म्हणजे आकसते. चैत्र-वैशाखांत तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. परक्या माणसाला हें दृश्य मरणाचें वाटतें. परंतु त्याच भेगांतून वरची भुसभुशीत माती खालीं पडते, हवा खोलवर पोंचते, आणि वळवाचें पाणी याच वाटांनीं आंत शिरतें. नांगर जें काम वीतभर खोलीपर्यंत करतो, तें या जमिनींत उन्हाळा फुकट आणि अधिक खोल करून ठेवतो.

या तापलेल्या मातीच्या पोटांत काय चालतें, याचें ज्ञान फार जुनें नाहीं. डार्विननें १८८१ सालीं गांडुळांच्या कामावर पुस्तक लिहिलें तेव्हां पुष्कळांना तो एका वृद्ध पंडिताचा छंद वाटला असेल. पुढें १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें अमोनियापासून पिकाला उपयोगी असें नत्र तयार करणारे सूक्ष्म जंतू वेगळे काढून दाखविले. हे जंतू हवेवांचून काम करूं शकत नाहींत, ही गोष्ट येथें ध्यानांत ठेवावी. १९५८ सालीं केनियांत संशोधन करणाऱ्या बर्चनें आणखी एक मौज नोंदली. माती कडकडीत वाळून पुन्हां भिजली म्हणजे तिच्यांतील जंतूंना एकाएकीं उधाण येतें. वाळतांना मेलेल्या जंतूंचीं शरीरें व न कुजलेला पालापाचोळा उरलेल्यांच्या भक्ष्यस्थानीं पडतो, आणि बांधून राहिलेलें नत्र मोकळें होतें. पहिल्या पावसानंतर रानाला जी टवटवी येते, तिचें एक कारण हें आहे. कोरडवाहू जमिनीचें जीवन पाण्यावर चालतें तसेंच तें सुकण्यावरही चालतें.

आमच्या शेतकऱ्याला जंतू ठाऊक नव्हते, पण ‘वापसा’ ठाऊक होता. जमीन चिखल नाहीं आणि कोरडी ठणठणीतही नाहीं, तिच्यांत ओल आहे आणि ओलीबरोबर हवाही आहे, अशा अवस्थेला तो वापसा म्हणतो. इंग्रजींत याला एका शब्दाचा प्रतिशब्द मला सांपडलेला नाहीं. आणि ज्यांनीं कालवे आंखले त्यांच्या हिशेबांत तो शब्द असता, तर कदाचित् हा निबंध लिहावा लागला नसता.

१८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळानें सरकारचे डोळे उघडले. १८८५ सालीं नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि त्याच्या पाठीशीं भाटघरचें धरण उभें राहिलें. हेतु उदात्त होता. दुष्काळांत ज्वारी-बाजरी जगवावी. पण ज्या सालीं पाऊस बरा, त्या सालीं ज्वारीला पैसे मोजून पाणी कोण घेणार? काळी जमीन स्वतःच ओल धरून ठेवते. पाणी सांठलेलें आणि गिऱ्हाईक नाहीं, अशा स्थितींत तें उसाकडे वळलें. सासवडचे माळी या भागांत आले, आणि त्यांच्या कष्टानें व कौशल्यानें ओसाड माळांवर बागाईत उभी राहिली. हें वैभव खरें होतें, त्याला नाक मुरडण्याचें कारण नाहीं. जेथें जमिनीला उतार होता, खालीं मुरूम होता, तेथें पाण्यानें मातीचें जीवनही वाढलें. मुळांचा व पाचटाचा सेंद्रिय अंश मिळाला आणि ओलीला गांडुळें आलीं.

परंतु ऊस जमिनींत वर्ष-दीड वर्ष उभा राहतो, आणि त्या सर्व काळांत पाणी मागतो. मातीचा उन्हाळाच नाहींसा झाला. पूर्वीं बागाईत होती ती विहिरीवरची. मोट ओढायला बैल आणि घाम लागे, म्हणून पाणी बेतानें पडे. शिवाय मोट भूमीच्या पोटांतूनच पाणी काढी, त्यामुळें खालची पातळी आपोआप उतरे. पाटाचें पाणी बाहेरून आलें, मुबलक आलें, आणि तें काढून नेणारें कोणी नव्हतें. खालीं खडक, वर चिकण माती. पाणी चढत चढत मुळांशीं आलें. मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या त्या वेळीं मुंबई इलाख्यांत इंजिनिअर होते. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांनीं गटपद्धत पुढें मांडली: पाण्याखालच्या जमिनीचे गट पाडावे, त्यांत उसाला ठराविक हिस्साच द्यावा, पिकें आळीपाळीनें फिरवावीं. माझ्या मतें जमिनीला तिची विश्रांति परत देण्याचा हा पहिला शहाणा प्रयत्न होय. पण उसाच्या पैशापुढें नियमाची धार फार काळ टिकत नाहीं.

१९१० सालीं पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरॉल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हणे यांनीं नीरेच्या खोऱ्यांतील खारवट जमिनींवर पुस्तिका प्रसिद्ध केली. कालवा सुरू होऊन तेव्हां अवघीं २५ वर्षें झालीं होतीं. घडलें तें असें. माती पाण्यानें भरली म्हणजे हवा बाहेर पडते. नत्र तयार करणारे जंतू थंडावतात, आणि हवेवांचून जगणारे दुसरे जंतू असलेलें नत्र वायुरूप करून उडवून देतात. शेतकरी पेंड घालतो ती अशी वाऱ्यावर जाते. गांडूळ गुदमरतें. मग उन्हानें पाणी वरून उडूं लागलें कीं त्यांतील क्षार मागें राहतात आणि बांधाच्या कडेनें पांढरें मीठ फुटतें. त्या मिठांत सोडियमचा अंश वाढला तर मातीचे कण विस्कटतात, तिचीं सूक्ष्म छिद्रें बुजतात, आणि जमीन चोपण होते. वरून पाणी दिलें तरी आंत जात नाहीं. चिबड जमीन निचऱ्यानें सुधारते. चोपण जमिनीला निचऱ्याबरोबर जिप्समही लागतें, आणि धीर त्याहून अधिक लागतो.

याहून मला बोंचते ती गोष्ट निराळी आहे. पाणी उतारानें पाझरतें. वरच्या अंगाच्या बागाईतदारानें दिलेलें जादा पाणी खालच्या अंगाच्या माणसाच्या शेतांत वर येतें. ज्यानें कधीं ऊस लावला नाहीं, त्याचीही ज्वारी पिवळी पडूं शकते. कालवा सरकारनें खणला आणि पाणीपट्टी बागाईतदारानें भरली. पण या पाझराचा धनी कोण, याचा विचार झाला नव्हता. निचऱ्याचे चर खणण्याचें काम मागाहून आलें. क्लॉड इंग्लिस यांनीं दख्खनच्या कालव्यांखालील पाणथळीचा बारकाईनें अभ्यास केला, आणि १९३२ सालीं पाडेगांवला ऊस संशोधनाचें केंद्र निघालें. १९५० सालीं काशीचे आर. एन्. सिंह यांनीं उत्तरेकडील ऊसर जमिनींत निळें-हिरवें शेवाळ वाढवून ती सुधारण्याचा मार्ग दाखविला. म्हणजे मेलेल्या मातीला जिवंत करावयासही जीवच लागतो. मात्र खालचें पाणी हटल्यावांचून नुसत्या शेवाळावर भागेल, अशी आशा इकडे कोणी धरूं नये.

नीरेचा धडा कृष्णेनें घेतला नाहीं. सांगली-कोल्हापूरकडे उपसा योजनांनीं पाणी चढविलें गेलें आणि त्या मळीच्या जमिनींतही मीठ फुटलें. आतां तेथें शेतकरी एकत्र येऊन जमिनीखालीं सच्छिद्र नळ्या पुरतात. क्षार धुवून जातात, वापसा येऊं लागतो, पुन्हां पीक उभें राहतें. त्या नळ्यांतून बाहेर पडणारें खारट पाणी ओढ्याला लागतें आणि ओढा नदीला मिळतो. आणि नदीच्या खालच्या अंगाला तेंच पाणी उपसणारे दुसरे पंप रात्रंदिवस चालूं असतात.