आभासी ड्राइव्ह : नक्कल मजकुराची की शिक्क्यासह? (धागा)

१/१०
२००० सालच्या आसपास संगणकावर एखादा खेळ बसवला, तरी तो सुरू करताना मूळ सीडी ड्राइव्हमध्ये असावीच लागे. बहुतेक फाइली हार्ड डिस्कवर उतरलेल्या असत. तरीही खेळ दर वेळी तबकडी मागे. तबकडीवर खोल ओरखडा उमटला, की रीतसर विकत घेतलेली वस्तू वाया जाई. आभासी ड्राइव्हच्या सॉफ्टवेअरला घराघरांत जी लोकप्रियता लाभली, तिचे एक मोठे कारण ही अडचण होय.

२/१०
फिलिप्स आणि सोनी यांची संगीताची सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. संगणकीय माहितीसाठीच्या सीडी-रॉमचे मानक पुढच्याच वर्षी तयार झाले. मात्र तबकडीवर फाइली कशा मांडाव्यात, याविषयी एकमत नव्हते. १९८५ मध्ये अनेक कंपन्यांचे प्रतिनिधी अमेरिकेतील लेक टाहोजवळच्या हाय सिएरा हॉटेलात जमले. तेथे सुरू झालेल्या कामातून १९८८ चे आयएसओ ९६६० हे आंतरराष्ट्रीय मानक आकारास आले. 'आयएसओ फाइल' हे नाव त्या मानकावरूनच पडले.

३/१०
संपूर्ण तबकडीची एकाच फाइलमध्ये उतरवलेली प्रत म्हणजे डिस्क इमेज. आभासी ड्राइव्हचे सॉफ्टवेअर संगणकात एक ड्रायव्हर बसवते. हा ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो, की आणखी एक सीडी ड्राइव्ह जोडलेला आहे. प्रणालीने एखादा सेक्टर मागितला, की तो त्या फाइलमधून काढून दिला जातो. ना मोटर, ना लेझर. या क्रियेलाच 'माउंट करणे' म्हणतात.

४/१०
निवडीचा खरा प्रश्न येथे सुरू होतो. सीडीवरील एका सेक्टरमध्ये २३५२ बाइट असतात. नेहमीच्या माहितीच्या सीडीत त्यांपैकी २०४८ बाइट वापरकर्त्याच्या मजकुराचे; उरलेले सेक्टरची ओळख पटवण्यासाठी आणि चुका शोधून दुरुस्त करण्यासाठी. साध्या आयएसओ फाइलमध्ये केवळ ते २०४८ बाइट उतरतात.

५/१०
मोडी पत्राची नक्कल करणाऱ्याने मजकूर अचूक उतरवला, पण शिक्का आणि मोर्तब सोडून दिले, तर वाचणाऱ्याचे काम भागते. पण पत्राचा अस्सलपणा तपासणारा ती नक्कल नाकारतो. खेळांच्या संरक्षण यंत्रणा नेमके हेच करीत. सेफडिस्कच्या तबकड्यांवर काही सेक्टर मुद्दाम सदोष ठेवलेले असत. सिक्युरॉमच्या पुढील आवृत्त्या तबकडीवरील माहितीची प्रत्यक्ष जागाही मोजून पाहत. मजकूर तोच असला, तरी शिक्का जुळत नसे.

६/१०
म्हणून अधिक तपशील टिपणारे फाइलप्रकार आले : बिन व क्यू, क्लोनसीडीचा सीसीडी, अल्कोहोल १२०% चा एमडीएफ व एमडीएस. हा भेद केवळ संरक्षणापुरता नव्हता. १९९६ च्या 'क्वेक' या खेळाचे संगीत त्याच सीडीवर स्वतंत्र ध्वनिपट्ट्यांच्या रूपाने होते. साध्या आयएसओमध्ये त्या पट्ट्या येत नाहीत. खेळ चालतो, पण संगीताविना.

७/१०
शिक्क्यासह नक्कल सादर करण्यात डेमन टूल्स आणि अल्कोहोल १२०% आघाडीवर राहिले. त्यासाठी त्यांचे ड्रायव्हर प्रणालीच्या अगदी गाभ्यात शिरत. संरक्षण यंत्रणा आभासी ड्राइव्ह ओळखू लागल्या, तेव्हा ही सॉफ्टवेअर त्यांच्यापासून लपू लागली. २००५ मध्ये मार्क रुसिनोविच यांनी सोनी बीएमजीच्या संगीत सीडींतून गुपचूप बसणारे रूटकिट उघडकीस आणले. लपण्याची तशीच तंत्रे आभासी ड्राइव्हची काही सॉफ्टवेअरही वापरतात, हे त्यांनीच २००६ च्या आरंभी दाखवून दिले. सोयीची ही किंमत होती.

८/१०
ज्यांना केवळ मजकूर हवा होता, त्यांच्यासाठी सौम्य पर्याय होते. मेंढीचे चिन्ह मिरवणारे व्हर्च्युअल क्लोनड्राइव्ह मोफत होते. विनसीडीईमू तर मुक्त स्रोत. लिनक्समध्ये लूप उपकरणाच्या साहाय्याने एका आज्ञेत आयएसओ माउंट होई, आणि सीडीईमू ध्वनिपट्ट्याही वाजवी. २०१२ मध्ये विंडोज ८ ने आयएसओ उघडण्याची सोय अंगभूत केली. साध्या कामासाठी वेगळ्या सॉफ्टवेअरची गरज तेथे संपली. बिन-क्यू किंवा एमडीएफसाठी मात्र ती आजही उरते.

९/१०
या सुलभतेलाही दुसरी बाजू निघाली. इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक सावधगिरीची खूण ठेवते. आयएसओच्या आतील फाइलींपर्यंत ती खूण पोहोचत नव्हती. हल्लेखोरांनी याचा फायदा घेतला आणि ईमेलमधून आयएसओ फाइली पाठवल्या. नोव्हेंबर २०२२ च्या दुरुस्तीने ही फट बुजवण्यात आली. अनोळखी आयएसओ माउंट करणे म्हणजे अनोळखी तबकडी ड्राइव्हमध्ये घालणेच होय.

१०/१०
२०१५ मध्ये विंडोज १० ने सुरक्षेच्या कारणास्तव सेफडिस्कचा ड्रायव्हर चालवणे थांबवले. परिणामी मूळ, अस्सल तबकडी हाती असलेल्यांचेही अनेक जुने खेळ सुरू होईनासे झाले. शिक्का शाबूत राहिला, पण तो ओळखणारा दरबारच उठून गेला. दरम्यान तबकड्याही जुन्या होत आहेत, आणि नव्या लॅपटॉपांत ड्राइव्हच नसतो. त्यामुळे माउंट करण्याच्या सॉफ्टवेअरआधी इमेजच्या प्रकाराची निवड महत्त्वाची ठरते. सॉफ्टवेअर उद्या बदलता येते. नक्कल करताना जे टिपले नाही, ते मूळ तबकडी नष्ट झाल्यावर कोणालाच परत आणता येत नाही.

(धागा समाप्त)